कुठला जगज्जेता?

माझ्या लहानपणी हेवीवेटचा जगज्जेता एकच असायचा. जर्मनटाउन अव्हेन्यूवर कुणालाही झोपेतून उठवून विचारलं असतं, तर त्याने आधी त्याचं नाव सांगितलं असतं आणि मग स्वतःचं. बायकांना त्याच्या बायकोच्या हॅटांचे रंग पाठ असत. आमचे रेव्हरंड टिलमन रविवारी राष्ट्राध्यक्षांसाठी एक वाक्य प्रार्थना करत आणि जगज्जेत्याच्या उजव्या हातासाठी दोन. आता जगज्जेते इतके झालेत, की तेवीस नंबरच्या बसमध्ये एखाद्याचा धक्का लागला तरी कळायचं नाही. तोच उलट ‘सॉरी’ म्हणून पुढच्या स्टॉपवर उतरून जाईल.

मी बॉक्सरांचे झगे शिवते. रिंगमध्ये उतरताना ते अंगावर घालतात ते साटीनचे, टोपीवाले झगे. घराच्या पुढच्या खोलीत माझं यंत्र आहे, खिडकीत दोन पुतळे आहेत, आणि फिलाडेल्फियात ज्याने कुणी कधी बऱ्यापैकी मार दिला किंवा खाल्ला, त्याच्या खांद्यांचं माप माझ्या डोक्यात आहे. ही शिलाई मला म्हाताऱ्या मिस्टर पर्नेलनी शिकवली आणि सोबत त्यांचा नियमही दिला. छातीवर नाव, पाठीवर गाव, आणि ‘जगज्जेता’ हा शब्द फक्त त्याच्या पाठीवर, ज्याने आधीच्या जगज्जेत्याला दोरांच्या आत, लोकांच्या डोळ्यांदेखत हरवलंय. हलक्या वजनांच्या पोरांसाठी तो शब्द मी अधूनमधून शिवला. हेवीवेटच्या झग्यावर कधीच नाही.

म्हणजे एकदा शिवायच्या बेतात होते. माझा धाकटा भाऊ वॉर्डेल वर्षानुवर्षं एक नंबरचा आव्हानवीर होता. एक नंबरचा म्हणजे रांगेत सगळ्यांत पुढे. दाताच्या डॉक्टरकडे बसतो तसा तो बसून होता, आणि आतून हाक काही येत नव्हती. तेव्हाचा जगज्जेता एका बेल्जियन माणसाशी लढला, एका म्हाताऱ्याशी लढला, आणि एकाशी लढला जो ठोसा लागायच्या आधीच पडला. वॉर्डेलशी लढायचं ठरलं, तेव्हा जगज्जेत्याची पाठ धरली. पाठ सुटली तसा तो निवृत्त झाला आणि केंटकीत घोडे पाळायला गेला. वॉर्डेलसाठी मी सोनेरी फेल्टची अक्षरं कापून ठेवली होती. ती बिस्किटांच्या डब्यात गेली आणि वॉर्डेल कचऱ्याच्या ट्रकवर गेला. कधीकधी माझ्याकडे जेवायला आला की म्हणायचा, “हरलो असतो तरी चाललं असतं गं, अर्लीथा. मला नुसतं कळायला हवं होतं.”

ते न कळताच तो गेला. मागे ठेवला थॅडियस, सव्वासहा फूट उंचीचा, बापासारखाच लांब हातांचा आणि बापासारखाच हट्टी.

हा थॅडियस पस्तिशी ओलांडल्यावर एका शनिवारी माझ्या दारात उभा राहिला. सोबत त्याचा प्रशिक्षक सीफस बॉयकिन, ज्याने आधी वॉर्डेललाही शिकवलं होतं. थॅडियसच्या खांद्यावर ताटाएवढ्या चकतीचा लाल पट्टा होता.

“आत्या,” तो म्हणाला, “डबा काढ.”

“कुठला डबा?”

“अगं, बिस्किटांचा! जगज्जेता झालो मी. काल रात्री, रेडिंगमध्ये.”

माझ्या हातातली कात्री खाली पडली. मग मी शहाणपणा केला आणि विचारलं, “हरवलंस कुणाला?”

“ओरविल डनअवेला.”

“तो जगज्जेता होता?”

“नाही. तो पण व्हायला आला होता.”

मी सीफसकडे पाहिलं. सीफसने टोपी काढून डोकं खाजवलं. “तसा हा हंगामी जगज्जेता आहे.”

“हंगामी? म्हणजे उन्हाळ्यापुरता?”

“बस, सांगतो,” सीफस म्हणाला, आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने शाळा मांडली. त्याने कॉफीचा मोठा मग मधोमध ठेवला. “हा लाल पट्टेवाल्यांचा महाजगज्जेता.”

“महा का?”

“कारण त्याच्याकडे निळ्यांचाही पट्टा आहे. दोन पट्टे असले की महा होतो. आता तो महा झाला, म्हणून त्याच्याखाली एक नियमित जगज्जेता नेमला.” त्याने साखरेचं भांडं ठेवलं. “या नियमिताचा खांदा निखळला. मग तो रजेवरचा जगज्जेता झाला.” साखरेचं भांडं उचलून फ्रिजवर गेलं. “तो रजेवर गेल्यावर गादी रिकामी कशी ठेवायची? म्हणून हा हंगामी.” मोहरीची बाटली टेबलावर आली. “हा आपला थॅड.”

“मी मोहरी?” थॅडियस म्हणाला.

“गप्प बस. आणि ही मीठदाणी म्हणजे अनिवार्य आव्हानवीर. हिच्याशी मोहरीला लढावंच लागणार, नाहीतर पट्टा काढून घेतील. असेच निळ्यांचे वेगळे, काळ्यांचे वेगळे, पांढऱ्यांचे वेगळे.”

“मग माझ्या कपाटातली भांडी पुरायची नाहीत,” मी म्हटलं. “चर्चच्या गानवृंदात सिस्टर आयडेलाचा गुडघा बदलला, तेव्हा मेव्हिस तिच्या जागी गायली. तिला कुणी हंगामी आयडेला म्हटलं नाही.”

“मेव्हिसच्या गाण्यातून कुणी टक्केवारी घेत नाही ना. इथे प्रत्येक पट्ट्यामागे लढतीच्या पैशांतला एक तुकडा तो पट्टा देणाऱ्या महामंडळाला जातो. जितके पट्टे, तितके तुकडे.”

“आणि तो ब्राय्कोविच कुठे आहे?”

थॅडियसने मोहरीची बाटली उगाच फिरवली.

हा टिहोमिर ब्राय्कोविच क्रोएशियाचा. चेहरा भिंतीसारखा, आणि हसला तर ती भिंत पडल्याचं वाटे. जगज्जेत्याला ज्याने हरवलं, त्याला ज्याने हरवलं, त्याला याने हरवलं होतं. ती साखळी मागे मागे नेली तर आमच्या घोडेवाल्याच्या निवृत्तीपर्यंत जाऊन पोचायची. लाल पट्टा त्याच्याकडेही होता. पण टक्केवारी मागायला माणूस आला, तेव्हा त्याने तो पट्टा त्याच्याच पिशवीत टाकला आणि चहा न विचारता दार लावलं. बाकीच्या रंगांशीही त्याने तेच केलं. तेव्हापासून महामंडळांच्या यादीत तो नव्हताच.

“तो या टेबलावर नाही,” सीफस शेवटी म्हणाला.

“टेबलावर नाही, पण सगळे घाबरतात त्यालाच.”

“आत्या, डबा काढतेस की नाही?” थॅडियस म्हणाला.

“नाही,” मी म्हटलं. “बस, जेवून जा. आणि माझी मीठदाणी जागेवर ठेवा.”

त्याला राग आला. पण कोंबडीचे तळलेले तुकडे त्याने नऊ खाल्ले, म्हणजे राग फार खोल नव्हता.

पुढच्या महिन्यात माझा भाचा आणखी वर चढला. म्हणजे त्याने काही केलं नाही. लेहाय अव्हेन्यूवर गाडी धुवायच्या यंत्रात तो आणि सीफस काचा वर करून बसले होते. साबणाचे ब्रश गाडीवर फिरत होते आणि थॅडियस हातात भलीमोठी होगी, म्हणजे आमच्याकडचं लांब पावाचं सँडविच, घेऊन खात होता. तेवढ्यात फोन वाजला. रजेवरच्या जगज्जेत्याचा खांदा बरा होईना, म्हणून त्याला मानद केलं, आणि हंगामीची बढती होऊन थॅडियस नियमित झाला. गाडी यंत्रातून बाहेर पडेपर्यंत लाल पट्टेवाल्यांचा नियमित हेवीवेट जगज्जेता तो होता. शर्टावर होगीतलं व्हिनेगर सांडलेलं होतं.

“गाडीत शिरलो तेव्हा हंगामी होतो,” तो मला सांगत होता. “बाहेर आलो तेव्हा चकाचक.”

“गाडी की तू?”

त्या आठवड्यात तो पट्टा खांद्यावर टाकून अव्हेन्यूवर फिरला. लोकांनी हॉर्न वाजवले, प्रेट्झेलवाल्याने पैसे घेतले नाहीत. मग तो केस कापायला गेला. दुकानात टीव्हीखाली बसलेला म्हातारा लुशस, जो कधी कुणाचं वाईट चिंतत नाही, आनंदाने ओरडला, “अरे वा! जगज्जेता! कुठला?”

थॅडियसने सांगितलं.

“हां हां,” लुशस म्हणाला. “म्हणजे तो दुसरा आहे त्याच्या खालचा ना? छान, छान. आईशप्पथ छान.”

त्यानंतर थॅडियसला तो शब्द सगळीकडे ऐकू यायला लागला. बँकेत, चर्चच्या पायऱ्यांवर, पेट्रोल भरताना. ‘जगज्जेता’ म्हटलं की समोरचा खूश होऊन विचारायचा, “कुठला?” तो माझ्याकडे येऊन खुर्चीत बसला आणि छताकडे पाहत म्हणाला, “आत्या, तुझ्या लहानपणी कुणी असं विचारायचं?”

“विचारणाऱ्याला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन सोडलं असतं.”

तो हसला नाही. “डॅडी म्हणायचे ना, मला नुसतं कळायला हवं होतं? मला वाटायचं पट्टा आला की कळेल. पण पट्टा आला आणि मला काहीच कळलं नाही गं.”

तेव्हाच ब्राय्कोविचचा सांगावा आला. अटलांटिक सिटीत त्याची लढत ठरली होती आणि समोरच्याचं मनगट मोडलं होतं. बाकीचे सगळे पट्टेवाले अचानक फार कामात होते. ब्राय्कोविचने आमच्या थॅडियसचं नाव घेतलं. थॅडियसचे सामने भरवणारा ड्वाइट लॅसिटर फोनवर नुसता श्वास घेत होता, कारण त्याला एकाच वेळी पैसा दिसत होता आणि संकटही.

संकट कसलं, ते मला माझ्याच खोलीत बसून कळलं. लाल पट्टेवाल्यांचे उपाध्यक्ष हॉलिस व्हॅन्डरमीर झग्यासाठी स्वतः आले. निळा कोट, खिशावर सोनेरी जरीचं बोधचिन्ह, त्यात पृथ्वीचा गोल आणि गोलाला घातलेला पट्टा. पृथ्वीलाही यांनी सोडलं नव्हतं. लॅसिटर त्यांच्या मागे टोपी हातात घेऊन आला.

“मिस अर्लीथा,” व्हॅन्डरमीर म्हणाले, “तुमच्या भाच्याची पुढची लढत आमच्या अनिवार्य आव्हानवीराशी आहे. झग्यावर अधिकृत पदवी हवी. संपूर्ण.”

“सांगा. पेन्सिल घेते.”

“विश्व मुष्टियुद्ध महामंडळाधिकृत नियमित सुवर्णश्रेणी हेवीवेट जगज्जेता, उत्तर खंड.”

मी टेप घेतली, थॅडियसला उभं केलं आणि त्याच्या पाठीवर एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत मोजलं. मग अक्षरं मोजली. “साहेब, पोराची पाठ मोठी आहे, पण एवढी नाही. ‘जगज्जेता’ यायला लागला तर तो कमरेखाली येईल. बसायचा भाग आहे तो.”

थॅडियसने खोकल्याचा बहाणा केला.

“अक्षरं लहान करा,” व्हॅन्डरमीर म्हणाले.

“मग फक्त पहिल्या रांगेला दिसेल.”

“पहिल्या रांगेत आमचीच माणसं असतात.”

“आणि हा अनिवार्य आव्हानवीर कोण आहे म्हणे?”

“गस्टाव्ह लिंडक्विस्ट. अपराजित.”

“त्याने हरवलेल्यांत एक टपालवाला होता,” खिडकीपाशी बसलेला सीफस म्हणाला. “आणि त्या टपालवाल्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं, म्हणून तो लवकर पडला.”

“मिस्टर बॉयकिन, आमच्या क्रमवारीत तो पहिला आहे.”

थॅडियसने शर्ट घातला. “आणि मी ब्राय्कोविचशी लढलो तर?”

व्हॅन्डरमीरने आवाज मऊ केला, लहान मुलाला इंजेक्शन द्यायच्या आधी करतात तसा. “ब्राय्कोविच नावाचा कुणी जगज्जेता आमच्या माहितीत नाही. त्याच्याशी लढत म्हणजे बिगरमान्यतेची लढत. त्याच मिनिटाला तुमचा पट्टा जाईल, क्रमवारीतलं स्थान जाईल. हरलात तर तुम्ही कुणीच नाही. जिंकलात तर…” ते थांबले. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

“जिंकलो तर काय?”

“तरी पट्टा तुमचा नसेल.”

“पण तो जगज्जेता नसेल, तर मी त्याला हरवून बिघडतं काय तुमचं?”

लॅसिटर घाईने म्हणाला, “थॅड, बाबा, तापू नकोस. दोन-तीन लिंडक्विस्ट घे, घर घे, मग बघू. साहेब तुला पुढच्या वर्षी महासुवर्ण करतील. करताय ना, साहेब?”

“विचार करता येईल,” व्हॅन्डरमीर म्हणाले.

ते गेल्यावर मला वाटलं सीफस पोराच्या पाठीवर थाप देईल. झालं उलटंच.

“पट्टा धर,” तो म्हणाला. “ऐक माझं. तुझ्या बापाजवळ काय होतं? एक नंबर. एक नंबर घेऊन बाजारात गेला असता तर बटाटा मिळाला नसता. तुझ्याजवळ निदान चकती आहे. ब्राय्कोविच तुझ्या बरगड्या मोजेल आणि तुझ्याजवळ चकतीही राहणार नाही.”

“काका, तुम्हीच म्हणता ना, डॅडींना त्या घोडेवाल्याने संधी द्यायला हवी होती?”

“हो, म्हणतो! कारण वॉर्डेल तेव्हा सव्वीसचा होता. तू पस्तिशीचा. तुझा डावा हात सकाळी उठतो तेव्हा दरवाजाच्या बिजागरीसारखा वाजतो. मी ऐकलाय.”

“म्हणजे मी हरेन?”

“मी तसं म्हटलं नाही.”

“मग काय म्हणताय?”

“मला माहीत नाही, गाढवा!” सीफस ओरडला. “मला कुठून माहीत असणार? कुणालाच माहीत नाही!”

थॅडियस माझ्याकडे वळला. मला वाटतं सीफसलाही त्या क्षणी कळलं, की त्याच्याच तोंडून पोराला उत्तर मिळालं.

थॅडियसने लाल पट्टा माझ्या शिलाईच्या टेबलावर ठेवला, फाटलेल्या पँट्सच्या ढिगावर. “पुढे नाव टाक, आत्या. मागे नॉर्थ फिलाडेल्फिया. बाकी काही नको.”

“डबा?”

“डबा राहू दे. परत येईन तेव्हा बघू.”

मी फोर्थ स्ट्रीटवरून गर्द हिरवं साटीन आणलं, वॉर्डेलला आवडायचं तसं. इतकी कमी अक्षरं शिवायला मला खूप दिवसांनी मिळाली होती. काम एका दुपारी झालं.

लढत अटलांटिक सिटीत भरदुपारी होती, कारण ब्राय्कोविचच्या देशातल्या टीव्हीला रात्र हवी होती. समुद्रावरून ऊन यायचं ते कॅसिनोच्या पडद्यांनी अडवलं होतं. मी, चर्चच्या बायका, प्रत्येकीच्या पर्समध्ये सँडविच. पहिल्या रांगेत निळे कोट दिसले, बोधचिन्हांसकट. बिगरमान्यतेच्या लढतीला ते फुकटच्या जागांवर बसले होते. व्हॅन्डरमीरच्या पायाशी एक काळी पेटी होती, ट्रम्पेटची असते तशी. तिच्यात नवा पट्टा आहे हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कोण जिंकतो ते पाहून उघडायची की नाही ते ठरणार होतं.

निवेदकाला सवय होती नेहमीची. त्याने दीर्घ श्वास घेतला, छाती फुगवली, कागद पाहिला आणि त्यावर काहीच नव्हतं. “हिरव्या झग्यात,” तो म्हणाला, “नॉर्थ फिलाडेल्फियाचा थॅडियस ब्रॉइल्स.” आणि एवढा मोठा श्वास त्याला उरला, तो त्याने तसाच सोडला. ब्राय्कोविचचंही तेच. दोघांची मिळून ओळख संपली तेव्हा मेव्हिसने सँडविचचा कागदही पुरता उलगडला नव्हता. त्या दिवशी कुणीच विचारलं नाही, की कुठला.

मी लढतीचं वर्णन फार करणार नाही. तो भिंतीसारखा होता आणि माझा भाचा ती भिंत हातोड्याने फोडायला निघाला होता. सुरुवातीच्या फेऱ्या ब्राय्कोविचच्या गेल्या. थॅडियसचा डावा डोळा मिटायला आला. मधल्या फेऱ्यांत सीफस कोपऱ्यातून ओरडत होता, “खालून, पोरा, खालून! जिना चढ!” आणि नवव्या फेरीत थॅडियसने खालून, बरगडीखाली, असा एक ठोसा मारला की ब्राय्कोविच आधी आश्चर्याने थांबला आणि मग बसला. सगळं सभागृह उठलं. पहिल्या रांगेत व्हॅन्डरमीरने पेटीच्या कड्या उघडल्या. मी पाहिलं ते.

पंच मोजत होता. ब्राय्कोविच आठवर उठला आणि व्हॅन्डरमीरने कड्या परत लावल्या.

शेवटच्या तीन फेऱ्या दोघंही उभे राहून एकमेकांना मारत होते. लाज वाटावी इतकं साधं होतं ते. घंटा झाली तेव्हा दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून उभे होते. गुण मोजले. तीनही पंचांनी ब्राय्कोविचला दिले, थोडक्याने, पण दिले. मेव्हिस म्हणाली, “चोर!” मी तिला म्हटलं, “नाही गं. त्याचंच होतं.” मला खोटं बोलता आलं असतं, पण मी मोजत होते.

मग ब्राय्कोविचने माइक घेतला आणि तोडक्यामोडक्या शब्दांत सांगितलं की तो थांबतोय. बरगडीला हात लावून म्हणाला, “हा माणूस मला घरी पाठवतो.” भिंत हसली. पडल्यासारखीच दिसली, पण त्या दिवशी ते शोभलं.

कपडे बदलायच्या खोलीत थॅडियस टबात बसला होता. डोळ्यावर बर्फाची पिशवी. मी आत गेले तशी त्याने उघड्या डोळ्याने पाहिलं.

“कळलं?” मी विचारलं.

“कळलं,” तो म्हणाला. “थोडक्यात राहिलो गं. पण कळलं.”

“दुखतंय?”

“सगळीकडे.” आणि तो इतका मोठ्याने हसला की त्याचा ओठ परत फुटला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण लाल पट्टेवाल्यांना काहीही संपलेलं खपत नाही. सोमवारी सकाळी आम्ही माझ्या टेबलावर होतो. थॅडियसला नीट चावता येत नव्हतं, म्हणून मी मक्याची लापशी केली होती. फोन वाजला आणि व्हॅन्डरमीरचा आवाज इतका मोठा होता की सीफसने चमचा खाली ठेवला.

“अभिनंदन!” ते म्हणाले. “महामंडळाची तातडीची बैठक झाली. ब्राय्कोविच निवृत्त झाल्यामुळे गादी रिकामी आहे.”

“तुम्ही म्हणत होता तो जगज्जेता नाही,” थॅडियस म्हणाला.

“कालपासून आम्ही त्याला पूर्वलक्षी मान्यता दिली आहे. आणि त्याच्याविरुद्धची तुमची झुंज पाहता तुम्हाला जगज्जेता घोषित करायचं ठरलं आहे. हंगामी नाही. नियमित नाही. पुढे काही नाही, मागे काही नाही. नुसता हेवीवेट जगज्जेता. मान्यतेचं शुल्क नेहमीचंच.”

थॅडियसने फोन कानापासून दूर धरला आणि माझ्याकडे पाहिलं. त्याच्या एका उघड्या डोळ्यात मला वॉर्डेल दिसला, लढतीचं पत्र येईल म्हणून टपालवाल्याची वाट पाहत दारात उभा असलेला. आयुष्यभर बापलेकांना हवा होता तो शब्द फोनमधून येत होता, धुतलेला, इस्त्री केलेला. सीफसने मोहरीची बाटली घेतली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली, मग तीही परत उचलून बाजूला ठेवली.

“आत्या,” थॅडियस म्हणाला, “शिवशील?”

मी कपाटातून डबा काढला, टेबलावर ठेवला, आणि म्हटलं, “तू सांगशील ते.”

तो डब्याकडे बघत राहिला. झाकण त्याने उघडलं नाही. मग त्याने फोन तोंडाशी नेला.

“साहेब, मी हरलो.”

“ते तांत्रिकदृष्ट्या—”

“नाही, साहेब. मी तिथेच होतो.” आणि त्याने फोन ठेवून लापशी ओढली. “थोडं लोणी दे गं.”

लाल पट्टेवाल्यांनी तीच पदवी लिंडक्विस्टला दिली. तो तेव्हा स्वीडनमध्ये मासे धरायला गेला होता, असं लॅसिटर सांगत होता, आणि त्याला बातमी दोन दिवसांनी कळली. थॅडियसचा जुना नियमित पट्टा परत मागायला कुणी आलं नाही. बहुधा तो कुणाला आठवला नसावा. सीफसच्या जिमचं दार वाऱ्याने आपटायचं, त्यापुढे आधी रंगाचा डबा लावत. आता तिथे लाल पट्टा आहे. चकती जड आहे, दार अजिबात हलत नाही.

थॅडियस त्यानंतर लढला नाही. पोरांना शिकवतो. परवा केस कापायला गेला तेव्हा लुशस टीव्हीखालीच बसला होता. एका नव्या गिऱ्हाइकाने थॅडियसकडे बोट दाखवून विचारलं, “हा कोण?”

“अरे, हा ना?” लुशस म्हणाला. “हा जगज्जेत्याशी लढला होता.”

गिऱ्हाइकाने मान हलवली. कुठल्या जगज्जेत्याशी, ते त्याने विचारलं नाही.